कोरड्या कालव्यात पाणी हळूच सोडावं

धरणाच्या कालव्याला हंगामातलं पहिलं आवर्तन सुटतं, तेव्हा पाणी एकदम पूर्ण क्षमतेनं सोडत नाहीत. कित्येक महिने कोरड्या पडलेल्या कालव्याच्या भरावाला भेगा गेलेल्या असतात, उंदरा-खेकड्यांनी बिळं केलेली असतात. आधी थोडं पाणी सोडायचं, भराव ओला होऊन भेगा मिटू द्यायच्या आणि मग प्रवाह वाढवत न्यायचा. घाई केली तर कालवा फुटतो, आणि ज्या शेतासाठी पाणी सोडलं त्याला ते मिळतच नाही. पूर्णा नदीवरचं सिद्धेश्वर धरण १९६८ साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही.

सायकल सुटून दहा-पंधरा वर्षं झालेल्या आणि आता दोनशे किलोमीटर चालवायचं मनावर घेतलेल्या माणसाला मात्र ती सांगावी लागते. सांगण्याचा अधिकार मला माझ्या चुकीनंच दिला आहे. अकरा वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा सायकलवर बसलो, दुसऱ्याच आठवड्यात तरुण पोरांच्या सोबतीनं साठ किलोमीटर मारले आणि गुडघा धरून तीन आठवडे घरी बसलो. दम टिकला होता, गुडघा टिकला नाही. या लेखातली सगळी तयारी त्या एका धड्याभोवती बांधलेली आहे.

आव्हान नेमकं कशाचं?

लांब पल्ल्याचं पहिलं उद्दिष्ट म्हणून मी ब्रेव्हे सुचवतो. ही शर्यत नव्हे. ठरलेला मार्ग, मध्ये ठरलेली तपासणी ठिकाणं आणि पूर्ण करायची वेळेची मर्यादा, एवढंच त्यात असतं. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. या चारही अंतरांचे ब्रेव्हे एकाच हंगामात पूर्ण करणाऱ्याला 'सुपर रॅन्डोनर' म्हणतात. या प्रकाराचं मूळ फ्रान्समध्ये आहे. तिथली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची सफर १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली आणि आता दर चार वर्षांनी हौशी सायकलस्वारांसाठी भरते. आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनर्स या संस्थेच्या छत्राखाली पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतून ब्रेव्हे निघतात.

महाराष्ट्राला हे वेड नवं नाही. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्यानं पार केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलची वारी निघते, आणि पंढरपूरहून पंजाबातल्या घुमानपर्यंत संत नामदेवांच्या वाटेनं सायकल यात्रा गेली आहे. नामदेवांचं नर्सी आपल्याच हिंगोली जिल्ह्यातलं, त्यामुळे लांबच्या वाटेचं आपल्याला परकेपण वाटायचं कारण नाही.

साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे ताशी पंधराच्याही किंचित आत. हा वेग कुणालाही जमतो. कठीण आहे ते तो वेग सूर्योदयापासून अंधार पडेपर्यंत टिकवणं.

दम लवकर परततो, सांधे उशिरा

पुन्हा सायकल सुरू केली की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच फरक जाणवतो. रक्तातला पातळ भाग वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं आणि चढावर धाप कमी लागते. आपल्याला वाटतं, झालो तयार. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्या सावकाश बळकट होतात आणि त्यासाठी काही महिने जावे लागतात. मान, मनगट, कंबर आणि सीटवर टेकणारी हाडं यांनाही आपापला वेळ हवा असतो. धोका नेमका याच फटीत आहे. छाती 'चल' म्हणते, गुडघा अजून तयार नसतो, आणि मनाला तर आपण कॉलेजात किती चालवायचो तेवढंच आठवत असतं.

म्हणून सुरुवातीलाच डॉक्टरांकडे जा. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर ईसीजी आणि गरज वाटल्यास ट्रेडमिलची तपासणी करून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर लांबच्या रपेटीत साखर अचानक खाली जाऊ शकते. डोस कसा बदलायचा हे आधी विचारून ठेवा. सायकलवर छातीत दाब वाटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या क्षणी थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

माळ्यावरची सायकल

ब्रेव्हेसाठी लाखाची सायकल लागत नाही. तरीही जुनी सायकल नुसती पुसून रस्त्यावर काढू नका. टायरच्या बाजूंना बोटानं दाबून पाहा. बारीक चिरा दिसल्या तर वरची नक्षी कितीही शाबूत असो, टायर बदला. ब्रेकच्या तारा आणि रबरं नवी टाका. मिस्त्रीकडून चाकांचा आउट काढून घ्या, दोन्ही चाकांतले आणि मधल्या आसातले छर्रे उघडून नवीन ग्रीस भरून घ्या. चेन ताणली गेली असेल तर ती बदला, नाहीतर ती दातेही खाते. सांगाड्याच्या जोडांवर गंजाखाली तडा नाही ना, हे उजेडात धरून पाहा.

गिअर नसलेली जड सायकल सरावाला चालेल, पण औंढा नागनाथच्या आसपासच्या टेकड्यांमध्ये दिवसभर राहायचं तर गिअर हवेत. टायर २८ ते ३५ मिलिमीटर रुंदीचे बरे. आपल्या खडबडीत रस्त्यांवर ते अंग खिळखिळं होऊ देत नाहीत.

आणखी एका सायकलीचा उल्लेख इथं मुद्दाम करतो. मानव विकास कार्यक्रमातून शाळेला जाण्यासाठी मुलींना सायकली मिळाल्या. बारावी झाली, लग्न झालं आणि बऱ्याच सायकली गोठ्याच्या भिंतीला लागल्या. ज्या मुलीनं रोज पाच किलोमीटर चालवत शाळा गाठली, तिच्या पायांत ती सवय अजून आहे. हा लेख तिच्यासाठीही आहे. बायकांची बसण्याची हाडं सहसा जास्त अंतरावर असतात, त्यामुळे सीट थोडी रुंद घ्यावी. आणि घरच्यांनीही सकाळचा दीड तास तिच्या नावे मोकळा करून द्यावा. ती मदत कुठल्याही सायकलपेक्षा मोठी आहे.

बसण्याचं माप

अर्धी दुखणी चुकीच्या उंचीमुळे येतात. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. या स्थितीत गुडघा सरळ व्हायला हवा. मग चालवताना पायाचा चवडा पायडलवर आला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर. बदल एका वेळी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त करू नका आणि दोन-तीन दिवस चालवून मगच पुढचा करा. बोटांना मुंग्या येत असतील तर हँडल फार खाली किंवा फार लांब आहे.

जड गिअर दाबत चालवणं गुडघ्याला सर्वांत महाग पडतं. हलका गिअर घ्या आणि मिनिटाला पायडलचे ऐंशीच्या आसपास फेरे होऊ द्या. चड्डी गादीवाली घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. जिथं घासतं तिथं निघण्याआधीच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा.

सोळा आठवड्यांचं आवर्तन

ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रारंभ केला तर जानेवारीच्या उत्तरार्धात तुम्ही दोनशेला तयार असाल. आपल्याकडचा हाच काळ सायकलला मानवतो. मार्चनंतर उन्हाचा कहर सुरू होतो आणि पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

आठवड्यात चार दिवस चालवायचं. तीन दिवस चाळीस मिनिटं ते तासभर आणि रविवारी लांबची रपेट. रविवारची अंतरं अशी ठेवा:

- पहिला महिना: १५, २०, २५, २० किलोमीटर
- दुसरा महिना: ३५, ४५, ५५, ४०
- तिसरा महिना: ६५, ७५, ९०, ६०
- चौथा महिना: १०५, १२५, ७०, आणि चौथ्या रविवारी २००

दर महिन्याच्या शेवटी अंतर कमी केलं आहे ते सुटीसाठी नाही. शरीर ताकद मिळवतं ते विश्रांतीत. चालवताना फक्त मागणी नोंदवली जाते. पहिल्या तीन महिन्यांत हा चौथा आठवडा गाळू नका. चौथ्या महिन्यात उतार तिसऱ्या रविवारी येतो, कारण शेवटच्या दिवसासाठी पाय ताजे हवेत. आणि १२५ चालवणारा २०० कसा गाठणार, ही शंका मनातून काढून टाका. सव्वाशेला शरीर शिकायचं ते शिकलेलं असतं. उरलेलं अंतर संथपणा आणि खाणं पार करून देतं.

वेग कसा ठरवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तोडून बोलावं लागलं की वेग जास्त झाला. दुसऱ्या महिन्यापासून मधल्या तीन दिवसांपैकी एका दिवशी एखादा चढ चार-पाच वेळा चढा, बाकी सगळं बोलत-बोलत.

आठवड्यातून दोनदा घरीच बैठका, टाचा उचलणं, पाठीवर झोपून कंबर वर उचलणं आणि कोपरांवर शरीर तोलून धरणं, एवढा वीस मिनिटांचा व्यायाम करा. लांबच्या रपेटीत पायांआधी कंबर आणि मान थकतात. रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील, झोप नीट झाली नसेल, तर त्या दिवशी सायकल उभी राहू द्या. वहीतलं हे एक पान तुम्हाला दुखापतीपासून वाचवेल.

आपले रस्ते, आपले काटे

सिद्धेश्वरच्या आसपास राहणाऱ्याला सरावाला दूर जावं लागत नाही. पहिल्या महिन्यात धरणाच्या परिसरातले सपाट, कमी वाहतुकीचे रस्ते पुरे. दुसऱ्या महिन्यात औंढा नागनाथला जाऊन या. हेमाडपंती मंदिराच्या दगडी सावलीत पाठ टेकायची आणि उन्हं चढायच्या आत परतायचं. औंढा ते हिंगोली अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर, औंढा ते परभणी सुमारे पन्नास. त्यामुळे औंढ्याहून परभणीला जाऊन परत आलात की शंभरी झाली. वसमतकडचा रस्ता कालव्याच्या मुलुखातला, ऊस-हळद-केळीचा. जिंतूरच्या बाजूला चढ-उतार भेटतात. तिसऱ्या महिन्यात मुद्दाम तिकडे वळा.

धोकेही आपल्या मातीतले आहेत, ते ओळखून ठेवा. ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. त्यावर ब्रेक दाबला तर चाक घसरतंच, म्हणून वेग आधीच कमी करा आणि उतरून चाला. नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला सरकते. त्यांच्या शेजारून जायची घाई करू नका, अंधारात तर मुळीच नाही. कडेला सराटे आणि बाभळीचे काटे असतात. दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, टायर काढायच्या पट्ट्या, पंप आणि छोटा पान्यांचा संच कायम सोबत हवा. पंक्चर स्वतः काढता यायला हवं. घरी अंगणात पाच वेळा चाक काढून बसवा. ब्रेव्हेत तपासणी ठिकाणांच्या मध्ये बाहेरची मदत घेता येत नाही, आणि आडरस्त्यावर पहाटे पाचला दुकान उघडं नसतं.

हेल्मेट, पुढे-मागे चांगले दिवे आणि प्रकाश पडताच चमकणारं जाकीट ब्रेव्हेच्या दिवसाची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून वापरा. कुत्री मागे लागली तर बहुतेक वेळा सायकलवरून उतरून, सायकल मध्ये धरून शांतपणे चालल्यावर ती थांबतात.

शिदोरी

दीड तासापेक्षा जास्त चालवायचं असेल तर भूक लागायच्या आधी खावं लागतं. शरीरात साठवलेली साखर काही तासांत संपते आणि मग पाय एकाएकी रिकामे होतात. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, चार-पाच खजुरांत जवळपास तेवढेच. गुळाचा खडा, दशमी, जानेवारीत तिळगूळ, हे सगळं खिशात मावतं. तीस-चाळीस मिनिटांनी एक-दोन घास, घड्याळ बघून. धपाटे आणि शेंगदाण्याचे लाडू मोठ्या थांब्यासाठी ठेवा. त्यांतलं तेल आणि चरबी पचायला वेळ लागतो. हॉटेलातली तर्री त्या दिवशी टाळलेलीच बरी.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, ऊन असेल तर थोडं अधिक. पण नुसतं साधं पाणी पीत राहिलात तर घामावाटे गेलेलं मीठ भरून निघत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, त्यात लिंबू पिळा. दोन बाटल्यांपैकी एकीत हे ठेवा. मीठ वर्ज्य असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि जे त्या दिवशी खायचं आहे ते रविवारच्या रपेटींत आधी खाऊन पाहा. नवा पदार्थ, नवे बूट, नवी सीट, यांतलं काहीही त्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.

दुखणं ओळखा

दमलेपणा आणि दुखापत यांत फरक असतो. मांड्या दोन्ही बाजूंनी भरून आल्या आणि दोन दिवसांत मोकळ्या झाल्या, तर तो दमलेपणा. एकाच जागी, एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल आणि चालवताना वाढत असेल, तर ती दुखापतीची सुरुवात. अशा वेळी तीन-चार दिवस थांबा, सीटचं माप पुन्हा तपासा आणि तरी राहिलं नाही तर फिजिओथेरपिस्टकडे जा. वेदनाशामक गोळी घेऊन रपेट पूर्ण करू नका. गोळी दुखणं झाकते आणि कंडरा आणखी फाटत जाते. वेळापत्रकातला एक आठवडा गेला तर जाऊ द्या. पुढच्या रविवारी दोन आठवड्यांचं अंतर एकदम भरून काढू नका. ब्रेव्हे पुढच्या महिन्यातही असतो.

टेलपर्यंत पाणी

अखेर तो दिवस येतो. आदल्या आठवड्यात दोनदाच, अर्धा-अर्धा तास चालवलेलं आहे, दोन रात्री पुरेशी झोप झाली आहे, सामान आदल्या संध्याकाळी बांधून ठेवलं आहे. पहाटे सगळे उत्साहात सुटतात आणि इथंच बहुतेकांचा दिवस बिघडतो. थंड हवा, ताजे पाय, पुढे पळणारे दिवे. त्यांच्या मागे धावू नका. पहिले पन्नास किलोमीटर तुम्हाला लाज वाटावी इतके संथ चालवा.

हिशेब सोपा आहे. चाकं ताशी अठरानं फिरली तर दोनशे किलोमीटरना अकरा तास आणि काही मिनिटं लागतात. थांबण्यासाठी सव्वादोन तासांहून थोडे जास्त उरतात. प्रत्येक तपासणी ठिकाणी पंधरा मिनिटं: शिक्का किंवा पावती, पाणी, खाणं, लघवी, निघा. खुर्चीत पाठ टेकलीत की अर्धा तास कुठं जातो कळत नाही. दोनशेचा एकत्र विचारही करू नका. पुढचं तपासणी ठिकाण एवढंच आपलं गाव.

दीडशेनंतर एक वेळ येते. सावल्या लांब झालेल्या असतात, मान जड, तळहात बधिर, आणि मन विचारतं की हे कशासाठी. अशा वेळी सायकल थांबवा, बसा, एक केळं खा, मीठ-साखरेचं पाणी प्या आणि दहा मिनिटांनी पुन्हा निघा. शंभरातल्या बहुतेक निराशा पोट रिकामं झाल्याच्या असतात.

कालव्याच्या मुखाशी शेत असणाऱ्याला पाणी नेहमीच मिळतं. कालवा नीट चालला की नाही, हे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला विचारावं. वरच्यांनी हवं तेवढं उपसलं असेल तर त्याच्या चारीत फक्त ओल येते. तुमच्या दोनशे किलोमीटरचा टेल म्हणजे शेवटचे चाळीस. सोळा आठवडे हळूहळू भिजवलेला भराव आणि सकाळी न उधळलेलं पाणी, या दोन गोष्टी सांभाळल्यात तर तिथंही तुमच्या पायांत पाणी पोचलेलं असेल. संध्याकाळी शेवटचा शिक्का घेताना घड्याळात किती वाजले ते बघू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा काय म्हणतो, ते ऐका. तो गप्प असेल, तर तयारी बरोबर झाली. मग तीनशेचा विचार करायला हरकत नाही.